क्लाउड स्कॅनवालं अँटीव्हायरस वर्षभर वापरलं – व्हायरस चांगलं पकडतंय, पण आमच्या कामगारांच्या पगाराची फाइल बाहेर गेली

५ पैकी ३ देतेय. नुसतं व्हायरस पकडायचं काम बघितलं तर ५ दिले असते, आणि जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कुणी विचारलं असतं तर तेवढेच सांगितले असते मी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर ओळखीच्या दोघांच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या कंपन्यांची अँटीव्हायरस बघितली तर त्यातपण हीच सेटिंग होती, बटणाचं नाव तेवढं वेगळं. म्हणजे तुमच्याकडं कुठलंही असू दे, हे तपासावं लागणारच आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, काका माग बघतात आणि मी ऑफिस, म्हणजे जीएसटी, पीएफ, बिलं, पगार सगळं. कामावर ३४ जण आहेत, मागावरचे, कांडीवाल्या, शिलाईच्या बायका धरून. ऑफिसात ३ कॉम्प्युटर. त्यातला एक डिझाइनसाठी, त्याला दिवसातून चार वेळा कुणाचा ना कुणाचा पेनड्राइव्ह लागतो, कारण जॅकार्डचं डिझाइन अजून आमच्याकडं पेनड्राइव्हवरच फिरतंय. मागच्या वर्षी त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, दोन दिवस काम बंद पडलं, तेव्हा नवी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून हे अँटीव्हायरस आणलं. ३ कॉम्प्युटरचं १ वर्षाचं लायसन्स. दुकानातला मुलगा येऊन टाकून गेला, वीस मिनिटांत तिन्ही. तो पुढं पुढं करत गेला, मी शेजारी उभी राहून चहा सांगत होते, त्यानं कुठं कुठं 'मान्य आहे' केलं ते मी बघितलं नाही. हे लिहिलं पाहिजे कारण सगळं तिथूनच सुरू झालंय.

आधी चांगलं सांगते. पेनड्राइव्हचा त्रास बंद झाला, पूर्ण बंद. लावला की स्कॅन होतो, घाण असली की काढून टाकतं, आणि कॉम्प्युटर आधीच्या अँटीव्हायरससारखा जड होत नाही. डिझाइनचा कॉम्प्युटर आठ वर्षं जुना आहे तरी चालतोय. हलकं असायचं कारणच क्लाउड, म्हणजे सगळ्या व्हायरसची यादी आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायच्याऐवजी बरीचशी कंपनीच्या सर्व्हरवर असती आणि आपला कॉम्प्युटर तिथं विचारून घेतो. ऑगस्टमधे एक मेल आला, कुरियरची पावती म्हणून, आम्ही रोज पार्सल पाठवतो त्यामुळं मी उघडणारच होते, पण उघडायच्या आधीच यानं धरलं. रिपोर्टमधे लिहिलेलं की क्लाउडनं ओळखलं. त्या दिवशीचं अपडेट आमच्या कॉम्प्युटरवर अजून आलंच नव्हतं, म्हणजे क्लाउड नसतं तर ती फाइल माझ्या हातानं उघडली असती मी. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभरात कॉम्प्युटर लॉक करून टाकलेले ते आठवत असेल, हॉस्पिटलंसुद्धा बंद पडली होती. आमच्यासारख्या ठिकाणी तसलं काही झालं तर ऑर्डरचं, बिलांचं, पीएफचं सगळं जाईल, बॅकअप आहे पण तोपण आठवड्यातून एकदाच घेतला जातो. त्यामुळं क्लाउड वाईट, बंद करून टाका असलं मी म्हणणार नाही.

आता झालं काय ते. फेब्रुवारीत एका शनिवारी पगाराची शीट तयार करत होते, कोपऱ्यात छोटी खिडकी आली आणि गेली. वाचता वाचता गेली, पण 'विश्लेषणासाठी पाठवली' एवढं दिसलं. काय पाठवलं? कुठं पाठवलं? मी रिपोर्टमधे गेले, तिथं आतमधे, दोन क्लिक खाली, पाठवलेल्या नमुन्यांची यादी निघाली. त्यात पगाराची एक्सेल फाइल होती. एकदा नव्हे, ११ वेळा. दर आठवड्याची एक.

त्या फाइलमधे काय असतंय ते सांगते म्हणजे माझ्या पोटात गोळा का आला ते कळेल. ३४ जणांची पूर्ण नावं, आधार नंबर, पीएफचा १२ आकडी यूएएन, बँकेचा खाते नंबर, मोबाइल, हजेरी, आणि शेवटी उचलचा कॉलम. ज्यांना माग माहीत आहेत त्यांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. कुणी मुलीच्या लग्नाला घेतलेली, कुणी नवऱ्याच्या ऑपरेशनला, आणि लक्षात राहावं म्हणून मी पुढं शेऱ्यात कारण लिहून ठेवते. शिलाईतल्या एका आक्कांनी त्यांच्या घरच्यांनासुद्धा न सांगता उचल घेतलीय, माझ्याशी दार लावून बोलल्या होत्या त्या. ते दारामागचं बोलणं ११ वेळा कुठल्या तरी सर्व्हरवर गेलंय, आणि पाठवायला मी हो म्हटलंय असं तो प्रोग्राम धरून चाललाय.

सोमवारी दुकानात गेले. मुलगा म्हणाला, "ताई, सगळ्याच अँटीव्हायरसात असतंय हे, काही होत नाही." मालक चांगले आहेत, माझ्या वडिलांच्या वेळेपासून ओळख आहे, त्यांनी खुर्ची दिली, म्हणाले, "कंपनीवाले फाइल उघडून वाचत बसत नाहीत हो, लाखो फाइली येतात त्यांच्याकडं." ते खरंच आहे बहुतेक. पण मी विचारलं की मग पाठवायच्या आधी विचारायला काय हरकत होती, तर त्यावर दोघांकडंही उत्तर नव्हतं. मग मी घरी येऊन स्वतःच शिकायला बसले, पंधरा दिवस रोज रात्री.

जे समजलं ते माझ्या भाषेत लिहिते. क्लाउड स्कॅन म्हणजे एकच गोष्ट नाही, त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात आणि गोंधळ तिथंच होतो. पहिली गोष्ट म्हणजे ठसा. तुमच्या फाइलचा गणितानं एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात, शा-२५६ पद्धतीचा असला तर ६४ अक्षरी असतो, आणि तो आकडा सर्व्हरला विचारतात की बाबा ही फाइल ओळखीची आहे का. बोटाच्या ठशावरून माणसाच्या मनातलं कळत नाही तसं ह्या आकड्यावरून फाइलमधलं वाचता येत नाही. जी फाइल जगात आधीच सगळीकडं आहे तिचा आकडा ओळखून तुमच्याकडं ती आहे एवढं कळू शकतं, पण माझी पगाराची शीट जगात एकच आहे, तिच्या ठशावरून कुणाला काही कळणार नाही. ह्याला माझी काहीच हरकत नाही, हे चालू ठेवलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे अख्खी फाइल. ठसा सर्व्हरला माहीत नाही आणि फाइलमधे काहीतरी संशयाचं आहे, तर मग ती फाइल तशीच्या तशी पाठवली जाते, तिथं मशीन तपासतं, आणि नाहीच समजलं तर माणूससुद्धा उघडून बघू शकतो. आता माझीच फाइल का? ह्याचं उत्तर सापडलं तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले. त्या शीटमधे माझ्या आतेभावानं मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून दिलाय, तो सगळ्यांचा पीएफ काढतो आणि ईसीआरची, म्हणजे पीएफच्या हिशोबाची, टेक्स्ट फाइल स्वतः बनवून देतो, जी आपण पीएफवाल्यांच्या, म्हणजे ईपीएफओच्या, पोर्टलवर टाकतो. अँटीव्हायरसच्या बाजूनं बघा, एक एक्सेल फाइल आहे, आत कोड आहे, तो कोड डिस्कवर दुसरी फाइल लिहितोय, आणि ही फाइल जगात कुणाकडंच नाही. मॅक्रोवाले व्हायरस असंच वागतात. आणि मी दर आठवड्याला 'सेव्ह ॲज' करून नवीन तारखेची कॉपी करते, आतले आकडे बदलतात, म्हणजे ठसा दर आठवड्याला नवीन! त्यामुळं मागच्या आठवड्यात तपासून ओके केलेली फाइल या आठवड्यात त्याच्यासाठी परत अनोळखी. म्हणून ११ वेळा. त्यानं त्याचं काम नियमानंच केलं म्हणायचं, पण ती फाइल कुणाच्या आयुष्याची आहे हे त्याला कळायची सोयच ठेवलेली नाही.

खात्री करायला मी एक खोटी शीट केली, मॅक्रो तोच, नावं सगळी काल्पनिक, आधारच्या जागी नुसते शून्य. सेव्ह करून मॅक्रो चालवला, राउटरवर अपलोड वर गेलेलं दिसलं, आणि थोड्या वेळात यादीत बारावी नोंद आली. मग तीच शीट मॅक्रो काढून साधी सेव्ह केली, ती गेली नाही. मग नमुने पाठवायचं बटण बंद केलं, परत मॅक्रोवाली केली, ती गेली नाही. हे तीन-तीन वेळा करून बघितलं.

आणि बटण बंद केल्यावर संरक्षण गेलं का ही माझी मोठी भीती होती. त्यासाठी आयकारची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, सगळ्या अँटीव्हायरसनी ती पकडायची असं ठरलेलं आहे. ती आधी नेटची वायर काढून टाकून केली, तरी पकडली, मग नेट लावून, तरी पकडली. ह्यावरून नवा कोरा व्हायरस पकडेल का ते कळत नाही हे मला माहीत आहे, पण निदान ओळखीचे व्हायरस नेट नसतानाही धरतंय एवढं कळलं. आणि ठशाची चौकशी चालूच आहे, म्हणजे तो कुरियरवाला प्रकार आजसुद्धा बहुतेक तसाच धरला जाईल, फक्त माझी फाइल उचलून नेली जाणार नाही.

तिसरी गोष्ट ब्राउझरची. टाकताना सोबत एक एक्स्टेंशन आलेलं, 'सुरक्षित ब्राउझिंग' म्हणून. तुम्ही जी साइट उघडता तिचा पत्ता तपासायला सर्व्हरकडं जातो. हे मी सरळ काढून टाकलं, आणि त्याला कारण आहे. अव्हास्ट ही मूळची झेक देशातली मोठी कंपनी, फुकटचं अँटीव्हायरस म्हणून आपल्याकडंपण पुष्कळांनी टाकलेलं असायचं. तिनं असं जमवलेलं ब्राउझिंग जंपशॉट नावाच्या स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीतून विकलं, हे जानेवारी २०२० मधे पत्रकारांनी बाहेर काढलं, आणि मग जंपशॉट बंद करावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फेब्रुवारी २०२४ मधे त्याच प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. तुमच्यावर कुणी नजर ठेवू नये म्हणून जे टाकायचं त्यानंच नजर ठेवली, आणि ती विकली. लोकांनी विश्वासानं टाकलेलं ते.

फाइली उचलून नेण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅस्परस्की ह्या रशियातल्या अँटीव्हायरस कंपनीचं आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यात सगळ्या बाजू दिसतात. अमेरिकेच्या एनएसए ह्या गुप्तचर संस्थेच्या एका माणसानं ऑफिसचं काम घरच्या कॉम्प्युटरवर नेलेलं, आणि त्या कॉम्प्युटरवर कॅस्परस्की होतं. कंपनीनं नंतर स्वतः जे सांगितलं त्याप्रमाणं २०१४ साली त्या कॉम्प्युटरवर संशयास्पद फाइल सापडली, अँटीव्हायरसनं एक अख्खी झिप फाइल तपासायला उचलून नेली, आणि उघडून बघतात तर आत एनएसएच्या हेरगिरीच्या साधनांचा कोड आणि गुप्त कागद. कंपनी म्हणते मालकांनी ते पुसून टाकायला सांगितलं आणि बाहेर कुणाला दिलं नाही. अमेरिकेनं ते मानलं नाही, २०१७ मधे सरकारी कॉम्प्युटरवरून काढायला लावलं आणि जून २०२४ मधे त्यांच्या देशात विक्रीलाच बंदी जाहीर केली. कोण खरं कोण खोटं हे सोलापुरात बसून मी ठरवू शकत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच, की फाइल नेणाऱ्या प्रोग्रामनं ठरल्याप्रमाणंच काम केलं होतं, आणि तरी जायला नको ते गेलं. गुप्तचर संस्थेच्या माणसाला जर समजलं नाही आपल्या कॉम्प्युटरवरून काय जातंय तर दुकानातल्या मुलानं वीस मिनिटांत टाकून दिलेल्यात आम्हाला कुठून समजणार. त्या कंपनीनं पुढं डेटाचं काम स्वित्झर्लंडमधे झुरिकला हलवायला सुरुवात केली, म्हणजे डेटा कुठल्या देशात राहतो हा प्रश्न किती मोठा आहे बघा. माझ्या कंपनीला मी मेलमधे हेच विचारलं होतं, त्याचं पुढं सांगते.

विंडोजसोबत जे डिफेंडर फुकट येतं त्यातही हे आहे, पण मला त्यांची मांडणी जास्त सरळ वाटली. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज. तिथं क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन वेगळं बटण आणि ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन वेगळं बटण, एकाखाली एक. आधीपासूनची सेटिंग अशी आहे की एक्झी, डीएलएल असल्या प्रोग्रामच्या फाइली आपोआप जातात, आणि फाइलमधे खाजगी माहिती असण्यासारखी वाटली तर पाठवायच्या आधी विचारलं जातं. क्लाउडचं उत्तर येईपर्यंत अनोळखी फाइल १० सेकंदांपर्यंत अडवूनही ठेवू शकतं ते. मी घरच्या लॅपटॉपवर आता तेच वापरते. ऑफिसात पैसे देऊन घेतलेल्यात हे 'विचारणं' नाही, आणि माझे दोन स्टार गेले ते ह्याच्यामुळं. दोन्ही गोष्टी एकाच बटणाखाली 'क्लाउड संरक्षण' म्हणून लपवलेल्या, आणि नमुन्यांचं वेगळं बटण 'प्रगत'च्या आत तिसऱ्या पानावर. लपवायचं कारण काय? बाहेर ठेवा की, लोक वाचून ठरवतील.

अजून एक सांगायचं राहिलं, हे अँटीव्हायरसच्याही बाहेरचं आहे पण आपल्याकडं फार चालतंय. एखाद्या फाइलवर शंका आली की लोक ती व्हायरसटोटलवर टाकतात. साइट चांगली आहे, स्पेनमधे सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडं आहे, एकाच वेळी अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देते. पण तिथं टाकलेली फाइल तुमच्यापुरती राहत नाही, सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ती मिळू शकते, आणि खाजगी माहिती टाकू नका असं तिथंच लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात असतं म्हणून कुणी वाचत नाही. आमच्या ओळखीच्या एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात क्लायंटचे फॉर्म सोळा असलेली झिप फाइल टाकलेली मी स्वतः बघितलीय, मुलगी म्हणाली मॅडम खात्री करत होते. तिचा हेतू चांगलाच होता. तिला मी दाखवलं की फाइल न टाकता नुसता ठसा शोधता येतो, विंडोजच्या पॉवरशेलमधे गेट-फाइलहॅश लिहून फाइलचा रस्ता दिला की तो ६४ अक्षरी आकडा मिळतो, तो तिथल्या सर्चमधे टाकायचा. ओळखीचा व्हायरस असेल तर लगेच कळतं, आणि तुमची फाइल तुमच्याकडंच राहते.

आता कंपनीच्या सपोर्टचं. पहिला मेल केला, तीन दिवसांनी उत्तर आलं, आमच्या गोपनीयता धोरणाची लिंक आणि 'आपली सुरक्षा आमचं प्राधान्य' असलं. धोरण वाचलं, २० पानं इंग्लिशमधे. त्यात लिहिलंय की नमुने तपासायला घेतले जातात आणि गरज असेपर्यंत ठेवले जातात. गरज कोणी ठरवायची ते लिहिलेलं नाही. दुसरा मेल मी जरा कडक लिहिला, फाइलींची नावं, तारखा, वेळा सगळं यादीतून उतरवून काढलं, आणि चार प्रश्न विचारले, की फाइली आता कुठल्या देशात आहेत, कुणी माणसानं उघडल्या का, दुसऱ्या कुठल्या कंपनीला दिल्या का, आणि पुसून टाकाल का. हेपण लिहिलं की ही माहिती माझी नाही, माझ्या कामगारांची आहे, आणि २०२३ साली आपल्या संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केलाय, त्यात सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की त्या कायद्याच्या भाषेत कामगारांची माहिती सांभाळायची जबाबदारी आधी माझ्यावर येती, अँटीव्हायरसवाल्यांवर नंतर. शीट मी बनवली, कॉम्प्युटर माझा, 'मान्य आहे' माझ्या ऑफिसातून दाबलं गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगते.

दुसऱ्या मेलला फोन आला. बोलणारा माणूस समजूतदार होता, ऐकून घेतलं, म्हणाला तपासणी मशीननं झालीय, माणसानं उघडल्याची नोंद नाही, फाइली धोकादायक नाहीत असा निकाल लागलाय आणि पुसायची विनंती पुढं पाठवतो. आठ दिवसांनी लेखी मेल आला की ११ च्या ११ काढून टाकल्या. बारावीपासून पुढच्या माझ्या खोट्या शीटच्या होत्या, त्या मीच सोडून दिलेल्या. देशाचं उत्तर मात्र 'आमच्या विविध डेटा सेंटरमधे' एवढंच आलं, आणि दुसऱ्या कंपनीला दिल्या का ह्याचं उत्तर आलंच नाही. परत विचारलंय.

मधल्या काळात मी काय काय बदललं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. नमुने पाठवणं तिन्ही कॉम्प्युटरवर बंद, ठशाची चौकशी चालू, एक्स्टेंशन काढलं, 'उत्पादन सुधारण्यासाठी माहिती' म्हणून एक टिक होती तीपण काढली. आतेभावाला बसवून मॅक्रो वेगळ्या फाइलमधे काढला, त्या फाइलमधे कुणाचीच माहिती नाही, नुसता कोड, आणि पगाराची शीट आता साधी, बिनमॅक्रोची. म्हणजे उद्या बटण चुकून चालू झालं आणि कोडवाली फाइल गेली तरी जाऊ दे, त्यात काही नाही. आधारचे पूर्ण नंबर शीटमधून काढून फक्त शेवटचे ४ आकडे ठेवले, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या मास्क (नंबर झाकलेल्या) आधारमधे दिसतात तेवढेच, कारण पगार करायला पूर्ण नंबर लागतच नाही, मी उगीच कॉपी करत आले होते इतकी वर्षं. आणि उचलीची कारणं कॉम्प्युटरवरून पुसली. ती आता वहीत आहेत, वही कपाटात, किल्ली माझ्याकडं.

एक करू नका. पुष्कळ जण सांगतील की पगाराचं फोल्डर स्कॅनमधून वगळा म्हणजे झालं. मलापण दुकानातल्या मुलानं हेच सुचवलं. वगळलं की त्या फोल्डरमधे व्हायरस बसला तरी हे बघणारच नाही, आणि आमच्याकडं जितके पेनड्राइव्ह येतात त्यात हे म्हणजे घराचं मागचं दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे.

आणि अपडेटनंतर परत तपासा. मार्चमधे मोठं अपडेट आलं, नवीन रंग, नवीन पान, आणि डिझाइनच्या कॉम्प्युटरवर नमुने पाठवायचं बटण परत चालू झालेलं. बाकी दोन्हीवर बंदच होतं, एकावरच कसं झालं ते कळलं नाही. सपोर्टवाले म्हणाले अपडेट नीट बसलं नसेल. आता दर महिन्याच्या १ तारखेला तिन्ही बघते, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. ज्या गोष्टीला मी एकदा नाही म्हटलंय ती मला न विचारता परत हो होते, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि ह्यासाठी अर्धा स्टार अजून कापायचा विचार होता, पण कुरियरवाली फाइल आठवली आणि राहू दिला.

मागच्या शनिवारी पगार वाटताना मी सगळ्यांना सांगितलं. काका म्हणत होते कशाला सांगतेस, घाबरतील, पण मला ते लपवून ठेवून चालणार नव्हतं. मागावरच्या पोरांनी ऐकलं आणि गेले, त्यांना त्यात विशेष वाटलं नाही. शिलाईतल्या एका मावशींनी विचारलं, आमचं नाव वाचून ते काय करणार, आमच्याकडं हाय काय. मी त्यांना बँकेच्या नावानं येणारे फोन आठवून दिले, ज्यांना तुमचं नाव, बँक आणि पगाराची तारीख माहीत असते तेच फसवतात म्हटलं, मग त्यांनी मोबाइल पुढं केला, माझ्यातपण बघ म्हणाल्या, त्यांच्या मुलानं त्यात कसलं तरी क्लीनर टाकलेलं होतं, त्याला फोटो, कॉन्टॅक्ट, मेसेज सगळ्याची परवानगी दिलेली. काढून टाकलं. मग रांगच लागली, साडेसात वाजेपर्यंत मी मोबाइलच बघत होते. त्या आक्का सगळ्यात शेवटी थांबल्या, काही बोलल्या नाहीत, वही कुठं ठेवलीस एवढं विचारलं. कपाट दाखवलं.

लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. दुकानाच्या मालकांना सांगून ठेवलंय की परत घेईन, पण टाकताना मी खुर्चीवर बसणार आणि मुलानं प्रत्येक पान मला वाचून दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही, कितीही वेळ लागू दे. ते हो म्हणालेत. दुसऱ्या कंपनीला फाइली दिल्या का ह्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर तोपर्यंत आलं तर इथंच खाली लिहीन.